पहिला आकडा बापूसाहेबांना

वऱ्हाडातून परत आल्याला महिना होत आला, तरी आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत मला अजून एकच प्रश्न विचारतात. नाताळच्या सुटीत माणसं महाबळेश्वरला जातात, तुम्ही चांदूर रेल्वेकडे कशाला गेलात? मी सांगते, मतं मोजायला. मग विचारणारी बाई हळूच विषय बदलते आणि माझ्याकडे जरा काळजीने बघते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. यापुढे कोणी विचारलं की हे कागद हातात ठेवीन.

मी पुण्याला मुलींच्या शाळेत गणित शिकवते. कॉलेजात असताना वसतिगृहाच्या भोजन समितीच्या निवडणुकीत मी हट्टाने प्रमाणशीर मतदान करायला लावलं होतं. नुसती फुली मारायची नाही, तर नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे. मोजणी इतकी लांबली की त्या दिवशी मुलींना जेवायला दुपारचे तीन वाजले. माझी खोलीतली मैत्रीण मालती ते विसरलेली नाही. ती आता अमरावतीला शिक्षिका आहे. डिसेंबरात तिचं पत्र आलं: "तुझं कॉलेजातलं खूळ शाबूत असेल तर ये. माझ्या सासऱ्यांच्या गावच्या वाचनालयाला त्याची गरज आहे. जेवायला वेळेवर मिळेल."

अकोला

वाटेत अकोल्याला मावशीकडे एक दिवस उतरले. स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने विचारलं, "कुठं जाऊन राहिल्या बाई?" मला वाटलं, माझ्या एकटीने फिरण्यावर त्याचा आक्षेप आहे. मी तुटकपणे पत्ता सांगितला. तो म्हणाला, "मंग बसा ना, उभ्या काहून?" पुण्यात हे कोणी म्हटलं असतं तर मी दुसरा टांगा केला असता. पण या गृहस्थाने माझी ट्रंक दारापर्यंत वाहून दिली, मावशीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि पाणी पिऊन गेला. दुपारपर्यंत कान सरावले. आपल्याकडे गोड बोलून दार लावतात आणि इथे दणकून बोलून पाट मांडतात, एवढाच फरक.

पाटावर बसलं की मात्र सुटका नाही. पुण्यात "अजून घ्या" हा शब्दप्रयोग आहे, वऱ्हाडात ती कृती आहे. कढीगोळे, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि ठेचा. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं ते बघून मावशीचे यजमान नानासाहेब म्हणाले, आता तू मतं मोजायच्या लायकीची झालीस. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वाद घातल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही.

त्यांनी विचारलं, तुझ्या पद्धतीत असं काय सोनं आहे? मी म्हटलं, नेहमीच्या पद्धतीत शंभरात एकावन्न एका बाजूला झाले की सगळ्या जागा त्यांच्या. एकोणपन्नासांनी घरी बसायचं. माझ्या पद्धतीत पंचवीस असतील त्यांना पंचवीसांचा वाटा मिळतो, कोणाचं मत वाया जात नाही. नानासाहेबांनी मान डोलावली आणि मग मला घेरलं. वाटा मिळेल, कबूल. पण मग माणूस गावाकडे बघणार नाही, आपापल्या घराकडे बघेल. जितक्या जाती तितके उमेदवार उभे राहतील. समितीत पाच माणसं आली की पाच तोंडं पाच दिशांना. आज एकाच बाजूची समिती असते तेव्हा निदान काम तरी होतं. आणि तुझी ती मोजणी गावात समजणार कोणाला? जी मोजणी समजत नाही तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

शेवटच्या प्रश्नावर मी आणखी एक भाकर घेतली.

संध्याकाळी मोर्णा नदीच्या बाजूला फिरायला गेलो. कापसाचा हंगाम होता. जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापासून गाड्यांची रांग लागली होती, बैल सोडलेले, गाडीवान गाड्यांखाली गप्पा मारत बसलेले. वाटेवरच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. एका जिनाचं आवार भरलं की माणसं शिव्या देत गाडी वळवून दुसऱ्या जिनाकडे नेत होती. मला ते बघायला फार आवडलं. नानासाहेब मात्र कंटाळून घरी चला म्हणाले.

अमरावती

मालती बडनेऱ्याला घ्यायला आली होती. तिचं वजन वाढलंय आणि बोलणं पार वऱ्हाडी झालंय. दुसऱ्या दिवशी अंबादेवीचं दर्शन घेऊन आम्ही देवळाबाहेरच्या ओट्यावर बसलो, तिथे तिने मला खरं प्रकरण सांगितलं.

तिचे सासरे बापूसाहेब चांदूर रेल्वेपासून तीन कोसांवरच्या एका गावात राहतात. गावाचं नाव मी लिहीत नाही, मंडळींनी तशी अटच घातली आहे. तिथे एक जुनं वाचनालय आहे आणि बापूसाहेब त्याचे अध्यक्ष. समितीवर पाच जण निवडायचे. प्रत्येक सभासदाला पाच मतं, त्यामुळे दरवर्षी एकच बाजू पाचही जागा घेऊन जाते. सभासदांत पाव हिस्सा बौद्ध मंडळी आहेत. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि त्यानंतर त्यांच्यात वाचनाची अशी भूक लागली होती की वाचनालयाचे निम्मे नवे सभासद त्यांच्यातले. पण समितीवर एकही नाही.

"बरं, समितीवर येऊन त्यांना काय करायचंय?" मी विचारलं.

मालतीने सांगितलं ते इतकं साधं होतं की मला राग आला. वाचनालय सकाळी अकराला उघडतं आणि पाचला बंद होतं. शेतात मजुरीला जाणारा माणूस पाचनंतर मोकळा होतो. म्हणजे सभासद व्हायचं आणि कुलूप बघून घरी जायचं. त्या बौद्ध मंडळींतले, तिथल्या शाळेतले तायडे गुरुजी तीन वर्षं अर्ज देत होते की संध्याकाळी दोन तास उघडा. समिती तिन्ही वर्षं एकच उत्तर देत होती: कंदिलाने पुस्तकं पेटतील. बापूसाहेबांना ते पटत नव्हतं, पण चौघांपुढे त्यांचं चालत नव्हतं. ते गुरुजींना म्हणाले, एक जागा तुमच्यासाठी राखून ठेवतो. गुरुजी म्हणाले, मेहेरबानीची जागा नको, मोजून येईल ती द्या. तेव्हा मालतीला माझं खूळ आठवलं.

गावात

बापूसाहेब सत्तरीचे, उंच, आणि कानाने जरा कमी. त्यांनी मला पाहताच मालतीला विचारलं, "हेच का ते गनिताचे सर?" बाई आहे म्हटल्यावर ते अधिकच खूश झाले आणि त्या दिवसापासून माझ्या पानात वाढणं त्यांनी स्वतःकडे घेतलं.

वाचनालयाच्या ओसरीवर मी दोन दिवस वर्ग घेतला. फळ्यावर आंबा, संत्रं, पेरू, बोर अशी नावं लिहून पसंतीचे आकडे घालायला शिकवलं. तायडे गुरुजी पहिल्या रांगेत वही घेऊन बसले. तिशीचा बारीक माणूस, धुवट पांढरा सदरा, बोलणं पुस्तकी आणि नेमकं. त्यांनी एकदाही मान उगाच डोलावली नाही. समजलं नाही की हात वर करायचे आणि समजलं की लिहून घ्यायचे. मला असे विद्यार्थी पुण्यात मिळत नाहीत.

त्यांच्या मागे सोनाजी बसायचा. पन्नाशीचा गाडीवान. गुरुजींच्या प्रौढांच्या वर्गात दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकला आणि लगेच वाचनालयाचा सभासद झाला. आजवर एकही पुस्तक घरी नेलेलं नाही, कारण वाचनालय उघडं असतं तेव्हा त्याची गाडी रस्त्यावर असते. मी विचारलं, सगळं समजलं का? तो म्हणाला, "समजलं जी. ज्याचा मान मोठा त्याले एक." मी म्हटलं, मान नाही, मन. जो सगळ्यात जास्त हवा त्याला एक. त्याने इतक्या आदराने "हो जी" म्हटलं की मी पुढे गेले. चाळीस मुलींचा वर्ग सांभाळणारी बाई मी, पण "हो जी" चा अर्थ मला कळला नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी बापूसाहेबांनी आम्हाला कौंडण्यपूरला नेलं. वर्धा नदीचं पात्र हिवाळ्यात शांत, काठावर देऊळ, खाली गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. रुक्मिणीचं हे माहेर. मालती म्हणाली, बघ, तुझ्या पद्धतीची पहिली मतदार. मी म्हटलं, तिने पत्रात एकच पसंती लिहिली, दुसरी लिहिलीच नाही, अशी चिठ्ठी पुढे सरकत नाही. बापूसाहेबांना ते दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. मग ते इतके हसले की रोडग्याचा घास घशात अडकला आणि पाठ थोपटता थोपटता माझा चष्मा नदीत पडला. एका गुराख्याने तो काढून दिला. काच शाबूत होती, नाहीतर मोजणीचं काही खरं नव्हतं.

मोजणी

एकशे वीस जणांनी मतं दिली. उमेदवार आठ, जागा पाच. माझ्या हिशोबाने ज्याला एकवीस मतं मिळतील तो निवडून आला, कारण एकशे विसांत सहा जणांना एकवीस-एकवीस मिळूच शकत नाहीत. गुरुजींच्या बाजूचे तीस जण आहेत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे काम सोपं होतं.

सकाळी भरल्या ओसरीत चिठ्ठ्या उघडायला सुरुवात केली. पहिली पसंती बापूसाहेब. दुसरी चिठ्ठी, बापूसाहेब. तिसरी, चौथी, पाचवी. ढीग वाढत गेला. शेवटी बापूसाहेबांकडे त्रेसष्ट चिठ्ठ्या आणि तायडे गुरुजींकडे तीन.

मी तीन वेळा मोजलं. गुरुजी ताठ बसून होते, पण त्यांची वही मिटली होती. मी सोनाजीकडे पाहिलं. तो समाधानाने बसला होता, लग्नात आहेर व्यवस्थित झाल्यावर माणूस बसतो तसा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या लोकांनी मतपत्रिका लग्नपत्रिकेसारखी लिहिली होती. वडीलधाऱ्याचं नाव पहिलं. त्याच्या आधी दुसऱ्या कोणाचं घालायचं, मग तो कितीही हवासा असो, म्हणजे अपमान. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

पण गणित माझ्या बाजूला होतं. बापूसाहेबांना एकवीस पुरे. बाकीची बेचाळीस मतं जास्तीची, ती चिठ्ठीवरच्या पुढच्या नावाकडे जाणार. त्रेसष्टात बेचाळीस म्हणजे प्रत्येक चिठ्ठीच्या तीन हिश्श्यांतला एक बापूसाहेबांकडे राहतो आणि दोन पुढे जातात. मी बापूसाहेबांचा ढीग पुन्हा चाळला. सत्तावीस चिठ्ठ्यांवर दुसरा आकडा तायडे गुरुजींचा. सत्तावीसचे दोन तृतीयांश अठरा. त्यांच्या स्वतःच्या तीन. एकवीस. फळ्यावर तो आकडा मी जरा मोठाच लिहिला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात अण्णा वकील उठले. तेही उमेदवार, आणि कंदिलाचा मुद्दा मुळात त्यांचाच. त्यांनी शांतपणे विचारलं, म्हणजे बापूसाहेबांना दिलेली मतं काढून तुम्ही दुसऱ्याला देणार? हे कोणत्या न्यायात बसतं? ओसरीत कुजबुज सुरू झाली. नानासाहेबांचा प्रश्न तिथे येऊन उभा राहिला होता. न समजणारी मोजणी. बापूसाहेब म्हणाले, मले एकवीस लय झाले. पण कोणी ऐकेना. मी घाईघाईने समजवायला लागले.

"असं समजा, पंगत बसली आहे," मी म्हटलं. "बापूसाहेबांच्या ताटात हवं त्यापेक्षा जास्त पडलं. मग उरलेलं पुढच्या ताटात जातं. वाया जात नाही, इतकंच."

पुण्यात हे उदाहरण नेहमी पटतं. इथे मात्र तायडे गुरुजी उभे राहिले. इतके दिवस नेमकं पुस्तकी बोलणारा तो माणूस, त्याचा आवाज खाली गेला आणि भाषा घरची झाली.

"बाई, उरलेलं आता आमी घेत नाही. माह्या बापानं घेतलं. माही आई सनासुदीले टोपलं घेऊन लोकायच्या मागच्या दारात उभी राहे. तीन वर्षं झाले, आमी ते सोडलं. माहं नाव खोडून टाका."

मला त्या क्षणी फळ्यामागे लपावंसं वाटलं. पुस्तकातली पद्धत मी पुण्याहून इथपर्यंत आणली, पण कोणापुढे कोणतं उदाहरण देतो आहोत याचा एक क्षण विचार केला नाही. मी गुरुजींची माफी मागितली. तुमाले ठाऊक नव्हतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, ठाऊक असायला हवं होतं. पण ते बसले नाहीत. त्यांचं नाव खोडलं असतं तर जागा अण्णांच्या बाजूला गेली असती आणि कुलूप आणखी एक वर्ष तसंच राहिलं असतं. हे सगळ्यांना कळत होतं, गुरुजींना सगळ्यात जास्त.

मागून सोनाजी उठून पुढे आला.

"गुरुजी, बाईचं पंगतीचं सोडा. मी सांगतो. म्या कापूस भरला, गाडी जुंपली, जिनात गेलो. मालक म्हने, आवार भरलं, जागा नाही. मंग म्या गाडी फिरवली अन् दुसऱ्या जिनात नेली. आता सांगा, दुसऱ्या जिनाले काय पहिल्याचं उरलेलं भेटलं? माल माहा. गाडी माही. बैल माहे. पहिल्यात जागा नसली तं दुसऱ्यात जायचं, हे म्या घरूनच ठरवून निघालो होतो. माह्या चिठ्ठीवर दोनचा आकडा म्या काढला. बापूसाहेबानं नाही काढला."

अण्णा वकिलांच्या शेजारी बसलेला वाणी पटकन म्हणाला, आता समजलं. मी बारा वर्षं हा विषय डोक्यात घेऊन फिरते आहे, पण तोपर्यंत मलाही तो इतका समजला नव्हता. ताट कोणाचं हा प्रश्नच नव्हता. चिठ्ठी शेवटपर्यंत लिहिणाऱ्याची असते.

गुरुजी सोनाजीकडे वळले. "पन मले पहिला आकडा काहून नाही देल्ला?" त्यांनी विचारलं. त्यात नुसता राग नव्हता, दुःखही होतं.

सोनाजी ओशाळला. "बापूसाहेब वयानं मोठे. तुमचं नाव त्यायच्या वरते कसं लिवू?"

बापूसाहेबांनी कानामागे हात धरून हे सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, पुढच्या खेपेला मी उभाच राहत नाही, म्हणजे तुमची पंचाईत नाही. गुरुजींनी वही उघडली, फळ्यावरचा हिशोब ओळीने उतरवून घेतला, अठरा अधिक तीन स्वतः पडताळून पाहिलं आणि मग खाली बसले.

बाकीच्या जागा दुपारपर्यंत लागल्या. अण्णा वकील आले, वाणी आला, पोस्टमास्तर आले. जेवायला आम्हाला तीन वाजले. मालतीने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं.

पहिली सभा आणि निघणं

दुसऱ्या दिवशी नव्या समितीची सभा झाली. एरवी एका चहात आटपणारी सभा अडीच तास चालली, आणि नानासाहेबांना खोटं कशाला पाडू, पाच तोंडं पाच दिशांना होती. वाण्याला बाजाराचा दिवस सोडून हवं होतं. पोस्टमास्तरांना काहीच नको होतं. कंदिलाचा मुद्दा निघाला तेव्हा गुरुजींनी पहिल्यांदाच अण्णांना विचारलं, भीती नेमकी कोणत्या पुस्तकांची? अण्णांनी सांगितलं, कोपऱ्यातल्या कपाटात त्यांच्या वडिलांनी स्वतः बांधलेले जुने अंक आहेत. आजवर हे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तेवीस वेळा शब्द बदलून ठराव झाला: अंधार पडल्यावर कपाटं बंद, वर्तमानपत्रं आणि निवडक पुस्तकं ओसरीवर, कंदील बाहेरच्या तुळईला टांगलेला, बाजाराचा दिवस सोडून रोज दोन तास, जबाबदारी तायडे गुरुजींची. चार विरुद्ध एक मताने मंजूर. चौथा हात अण्णा वकिलांचा होता.

त्याच संध्याकाळी मी निघाले. बापूसाहेबांनी रोडग्यांचा एवढा मोठा गठ्ठा बांधून दिला की भुसावळपर्यंत डबाभर माणसं जेवली. चांदूरला सोडायला सोनाजीची गाडी होती. वाटेत वाचनालय लागलं. तुळईला कंदील टांगला होता आणि त्याच्याखाली सातआठ जण वर्तमानपत्राच्या पानांची वाटणी करत होते. कोणाला कोणतं पान पहिल्यांदा, यावरून वाद चालला होता. गुरुजींनी आमच्याकडे बघून हात केला, पण ते उठले नाहीत.

मला फार वाईट वाटलं. ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो माणूस पहिल्याच दिवशी माझी ट्रंक पोचवायला निघाला होता. मी म्हटलं, सोनाजी, गाडी थांबवा, मी दुसरी सोय बघते. आज तुम्ही तिथे असायला हवं.

सोनाजीने मागे वळूनही पाहिलं नाही. बैलांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "कायले बाई? आज मी नाही गेलो तं काय झालं? उद्या बी उघडंच हाय."